हमी नसलेली युक्ती सांगावी का?

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या शाळेत विज्ञान मंडळाचा एक फलक आहे आणि मुलांनी केलेले छोटे प्रयोग, निरीक्षणे, कोडी त्यावर दर आठवड्याला लावली जातात. दिवाळीच्या सुटीत ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या खिशात वहीचा फाडलेला एक कागद होता. नववीतल्या एका मुलाने तो फलकासाठी दिला होता. घरच्या संगणकात दुसरा संगणक आणि त्या दुसऱ्याच्या पोटात तिसरा संगणक कसा चालवावा, हे त्यावर चार ओळींत लिहिले होते. त्यांतली एक ओळ मोठी गमतीची होती. आज्ञावलीच्या खिडकीत जी चौकट फिकट दिसते, म्हणजे ‘ही सोय तुझ्यासाठी नाही’ असे जिथे आज्ञावली सांगते, तीच चौकट ही ओळ टंकलिखित केल्यावर चालू होते!

‘असे करा म्हणून कंपनीने कुठे सांगितलेले नाही,’ स्नेही म्हणाले. ‘फलकावर लावू की नको?’

‘लावा,’ मी म्हणालो. ‘पण आहे तसा नको.’

त्यांना हे उत्तर फारसे रुचले नाही. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाची कृती अनेकांनी तपासलेली असते, मुले फलकावरचे सारे खरे मानतात, उद्या कुणाचा संगणक बिघडला तर पालक शाळेला विचारतील, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. या बाबतीत मी स्वतः एकदा चांगला पोळलो आहे. ती हकिकत पुढे सांगतो. तरीही माझे मत कायम आहे. ते का, हे कळण्यासाठी संगणकाच्या पोटात संगणक म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकावर चालणारी कार्यप्रणाली, मग ती विंडोज असो वा लिनक्स, स्वतःला त्या यंत्राची राजा समजते. रॅम कुणाला किती द्यायची, डिस्कवर कोण लिहिणार, घड्याळाचा ठोका पडला की काय करायचे, हे सर्व ती ठरवते. एका राज्यात दोन राजे नांदत नाहीत. मग एकाच यंत्रावर दोन कार्यप्रणाली एकाच वेळी कशा चालाव्यात? यावरची तोड म्हणजे नाटक! रंगमंचावर राजा ‘याला सुळावर चढवा’ म्हणतो, पण खरोखर कुणी सुळावर जात नाही. पडद्यामागे नाटकमंडळीचा व्यवस्थापक उभा असतो. राजाची आज्ञा ऐकून तो योग्य तो देखावा घडवून आणतो आणि राजाचे काम करणाऱ्या नटाचे नाटक बिनबोभाट पुढे चालते. संगणकातल्या या व्यवस्थापकाला हायपरवायझर म्हणतात, आणि ज्या रंगमंचावर पाहुणी कार्यप्रणाली राज्य करते त्याला आभासी यंत्र. पाहुण्या प्रणालीने एखादी राजाज्ञा दिली की प्रोसेसर तिथेच थबकतो आणि सूत्रे व्यवस्थापकाच्या हाती जातात. बेरीज-वजाबाकीसारख्या साध्या आज्ञा मात्र खऱ्या प्रोसेसरवर पूर्ण वेगाने चालतात. म्हणून आभासी यंत्र आपण समजतो तितके मंद नसते.

ही कल्पना कालपरवाची नाही. १९६०च्या दशकात आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात तिचा पाया घातला गेला आणि १९७२ साली कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. मौज अशी की सिस्टिम/३७० यंत्रे हाती येण्यापूर्वीच तिथल्या मंडळींनी जुन्या ३६०/६७ यंत्रावर आभासी ३७० उभे केले आणि जे यंत्र अजून समोर नव्हते त्यावरची प्रणाली लिहायला घेतली. १९७४ साली जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एक प्रबंध लिहून यंत्र ‘आभासी करण्याजोगे’ असण्याची अट मांडली. ती साध्या भाषेत अशी: प्रत्येक राजाज्ञा व्यवस्थापकाच्या कानी पडलीच पाहिजे.

आपल्या घरातले संगणक ज्या इंटेल घराण्याचे आहेत, त्यांत नेमकी हीच अट पाळलेली नव्हती. सन २००० मध्ये झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरच्या अशा १७ आज्ञा मोजून दाखवल्या गेल्या. त्यांपैकी ‘पॉपएफ’ नावाची आज्ञा पाहा. तिने प्रोसेसरची सूचना-घंटा बंद करता येते. पण ही आज्ञा देणारा खरा राजा नसेल तर प्रोसेसर ना घंटा बंद करतो, ना तक्रार करतो. आपल्या नाटकाच्या भाषेत, राजाने ‘दिवे मालवा’ म्हटले, दिवे मालवले गेले नाहीत, व्यवस्थापकाला काही कळलेही नाही, आणि राजा मात्र काळोख झाला असे समजून पुढचे संवाद म्हणू लागला! असे नाटक चालणार कसे? १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर उपाय काढला. राजाचे संवाद आधीच वाचून त्यांतली अडचणीची वाक्ये ऐन वेळी बदलून द्यायची. १९९९ साली तिची आज्ञावली बाजारात आली. पुढे इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली प्रोसेसरच असे घडवले की सर्व आज्ञा व्यवस्थापकाला ऐकू याव्यात. त्यानंतरच्या बहुतेक प्रोसेसरांत ही सोय असते. काही संगणकांत ती कारखान्यातून बंद करून पाठवलेली असते. संगणक सुरू होताना सेटिंगच्या पडद्यावर जाऊन ती चालू करावी लागते, इतकेच.

आता घरच्या प्रयोगशाळेकडे वळू. तिला खर्च फार येतो अशी एक समजूत आहे. लोक कार्यालयातून निघालेले, मांडणीवर बसवायचे मोठे सर्व्हर विकत आणतात आणि मग विजेचे बिल पाहून हबकतात. पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून मी प्रथम हिशेब मांडतो. १५० वॅटचा सर्व्हर दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला १५० × २४ × ३० = १,०८,००० वॅट-तास, म्हणजे १०८ युनिटे जळतील. शिवाय ही सर्व ऊर्जा अखेर उष्णतेच्याच रूपाने खोलीत येणार, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ती बाहेर घालवायला पंखा लावावा लागणार! माझ्या घरी एका कार्यालयाने काढून टाकलेला मेजावरचा जुना संगणक आहे. तो स्वस्थ असताना ३८ वॅट घेतो. म्हणजे महिन्याला साधारण २७ युनिटे, आणि काम झाल्यावर बंद केला तर त्याहून पुष्कळ कमी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा जिल्ह्याच्या गावी काय, असे वापरलेले संगणक विकणारी दुकाने आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपल्यावर, विंडोज ११ला अपात्र ठरलेली कितीतरी चांगली यंत्रे शाळांच्या व कार्यालयांच्या कोपऱ्यांत पडली आहेत. त्यांना भंगारात घालण्यापूर्वी त्यांत रॅम किती आहे ते पाहावे. प्रोसेसर जुना असला तरी चालतो. अडते ते रॅमपाशी. सोळा गिगाबाइट असली तर मूळ प्रणालीला चार ठेवून दोन-दोन गिगाबाइटची तीन लिनक्स यंत्रे आणि सहा गिगाबाइटचे एक मोठे यंत्र आरामात मांडता येते. सुरुवातीला व्हर्च्युअलबॉक्स पुरे. हात बसला म्हणजे लिनक्समधील केव्हीएम आणि त्यावर उभी असलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली घ्यावी. दोन्ही फुकट मिळतात, आणि त्यांची मूळ संहिता कुणालाही वाचता येते.

या प्रयोगशाळेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे इथे मोडतोड करता येते. आभासी यंत्राची डिस्क म्हणजे मोठ्या संगणकावरची एक फाइल. ‘स्नॅपशॉट’ घेतला की ती फाइल गोठवली जाते आणि पुढचे सारे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. वाटेल तो गोंधळ घाला. ती दुसरी फाइल टाकून दिली की पहिली स्थिती परत! आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फुटलेले चंचुपात्र असे परत मिळत नाही. एक सोपा प्रयोग सांगतो. आभासी यंत्रातली वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय बंद ठेवा आणि यंत्र दहा मिनिटे थांबवून पुन्हा चालू करा. आतले घड्याळ दहा मिनिटे मागे पडलेले दिसेल. त्या आतल्या जगात ती दहा मिनिटे झालीच नाहीत. वेळ म्हणजे काय, तर घड्याळ जे मोजते ते, हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. या प्रयोगानंतर मुलांच्या चेहऱ्यावर ते उमटलेले प्रथम पाहिले.

त्या नववीतल्या मुलाची युक्ती याच्याही पुढची होती. नाटकात नाटक! आभासी यंत्राच्या आत आणखी एक हायपरवायझर चालवायचा. इंटेलच्या प्रोसेसरने व्यवस्थापकासाठी जी सोय केली ती एकाच पातळीची. आतल्या नाटकाचा व्यवस्थापक हाही बाहेरच्या नाटकातला नटच असल्यामुळे, त्याच्यासाठी ती सोय आहे असा देखावा बाहेरच्या व्यवस्थापकाने उभा करावा लागतो. २०१० साली आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांनी केव्हीएमवर हे कसे साधावे ते दाखवले, आणि नेहमीच्या कामांत एकपदरी आभासी यंत्राच्या तुलनेत वेग केवळ सहा ते आठ टक्क्यांनीच घटतो असे मोजून सांगितले. त्यांनी आपल्या प्रकल्पाचे नाव ‘कासवे’ असे ठेवले होते. पृथ्वी कासवाच्या पाठीवर, ते कासव दुसऱ्या कासवाच्या पाठीवर, या जुन्या कथेवरून ते सुचलेले.

‘हमी नाही’ या शब्दांचा अर्थ नीट कळावा म्हणून या सोयीचा पुढचा प्रवास पाहण्याजोगा आहे. २०११ साली व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ५ या हायपरवायझरमध्ये ही सोय कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हती. एका फाइलीत एक ओळ घातली की ती चालू होई, आणि ही ओळ हौशी मंडळी एकमेकांना सांगत. पुढच्याच वर्षी, ५.१ या आवृत्तीत, ती ओळ जाऊन पडद्यावर चौकट आली. तरीही प्रत्यक्ष कामकाजासाठी कंपनी तिची जबाबदारी घेत नव्हती. मात्र ग्राहकांना शिकवण्याच्या कंपनीच्या स्वतःच्या प्रात्यक्षिक प्रयोगशाळा याच सोयीवर चालत होत्या! लिनक्समध्येही इंटेल प्रोसेसरसाठी ही सोय बरीच वर्षे मुद्दाम बंद ठेवलेली होती; एक शब्द देऊन चालू करावी लागे. २०१८ सालच्या ४.२० या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. काल जी बिनहमीची युक्ती होती तीच आज नेहमीची सोय झाली आहे, आणि ती तशी होईपर्यंत तिचे गुणदोष शेकडो घरगुती प्रयोगशाळांत तपासले गेले होते.

म्हणून माझे म्हणणे असे की ‘हमी नाही’ आणि ‘मनाई आहे’ या दोन गोष्टी एक मानू नयेत. हमी नसणे म्हणजे कंपनीने ते तपासलेले नाही, किंवा तपासले आहे पण बिघडल्यास दुरुस्तीला माणूस पाठवणार नाही. यात निसर्गाच्या नियमाचा भंग नाही आणि देशाच्या कायद्याचाही नाही. २०२० साली ईएसएक्सआय ७ने काही जुने प्रोसेसर नाकारले, तेव्हा स्थापनेच्या वेळी एक शब्द जोडला की त्यांपैकी काहींवर ती चालते, असे लवकरच आढळले. ज्याच्याकडे जुनेच यंत्र आहे अशा विद्यार्थ्याला ही माहिती म्हणजे एक वर्षाचे शिक्षण. पुढच्या आवृत्तीत ते यंत्र चालेल असे मात्र कुणी समजू नये. आणि हमीचे तरी काय घेऊन बसलात? २०२३च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. २०२४च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती बंद झाली आणि २०२५च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा मिळू लागली. मधल्या चौदा महिन्यांत कित्येकांनी आपली घरची प्रयोगशाळा उचलून प्रॉक्समॉक्सवर नेली. ज्यांना पडद्यामागचे कळत होते त्यांना हे जमले. ज्यांना फक्त कंपनीच्या पुस्तकातली बटणे ठाऊक होती ते खोळंबले.

युक्त्या वाटून घेण्याची ही परंपरा जुनी आहे, आणि तिची एक बाजू अडचणीचीही आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७६-७७च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची संपूर्ण संहिता आणि तिच्यावरची टीका विद्यार्थ्यांसाठी छापून काढली. संहिता दहा हजार ओळींच्या आत. एवढ्यात एक अख्खी कार्यप्रणाली! पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्यात ती वर्गात शिकवण्यास मनाई आली. मग लायन्स यांच्या टिपणांच्या छायाप्रती आणि त्या छायाप्रतींच्या छायाप्रती विद्यापीठांतून फिरू लागल्या. हे पुस्तक रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले. या छायाप्रतींनी एक पिढी शिकली हे खरे. पण परवान्याच्या दृष्टीने ते गैर होते, हेही खरे, आणि तुम्ही तसे करा असे मी सांगणार नाही. मला त्याहून अधिक आवडते ते ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे उत्तर. शिकवायला युनिक्स मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच एक छोटी प्रणाली लिहिली, मिनिक्स, आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकासह ती विद्यार्थ्यांच्या हाती दिली. चार वर्षांनी हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर मिनिक्स चालवता चालवता स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ती लिनक्स. केव्हीएम २००७ साली तिच्यातच सामील झाले. तुमच्या घरच्या जुन्या संगणकावर जे नाटकात नाटक चालते त्याचा वंश असा शोधत गेले तर एका शिक्षकाच्या टिपणांपर्यंत जाऊन पोचतो.

आता माझी हकिकत. काही वर्षांपूर्वी मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना व्हर्च्युअलबॉक्स दाखवत होतो. त्यात आभासी यंत्राला फाइलीऐवजी खरीखुरी डिस्कच देऊन टाकण्याची एक सोय आहे. ही सोय केवळ जाणकारांसाठी आहे, चूक झाल्यास डिस्कवरची सर्व माहिती जाऊ शकते, असा इशारा तिच्या पुस्तकातच आहे. माझ्याकडे एक रिकामी डिस्क होती. मी फळ्यावर लिहिले: ‘डिस्क क्रमांक १ ऑफलाइन करा, ती आभासी यंत्राला जोडा, लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क वापरा.’ माझ्या संगणकावर ते झकास चालले. मुलांनी वहीत उतरवून घेतले.

एक विद्यार्थी त्या दिवशी गैरहजर होता. त्याने मित्राच्या वहीतून त्या ओळी उतरवल्या आणि रात्री घरच्या संगणकावर करून पाहिल्या. वडिलांचे बी-बियाणे व खतांचे दुकान. विंडोज क्रमांक मोजते ते शून्यापासून. त्या संगणकात डिस्क क्रमांक ० म्हणजे नवी छोटी डिस्क, जिच्यावर विंडोज होती, आणि डिस्क क्रमांक १ म्हणजे जुनी मोठी, जिच्यावर दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब होते. मुलाने एकही ओळ चुकवली नाही. माझ्या सूचना त्याने तंतोतंत पाळल्या, आणि तीन वर्षांची उधारी पुसली गेली. दुसरी प्रत नव्हती.

आठवड्याने त्याचे वडील महाविद्यालयात आले. मी उभाच राहिलो. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘सर, उधारीची वही पुन्हा लिहायला बसलोय. गिऱ्हाईक येऊन आपलं आपण सांगतंय म्हणून बरं.’ काही रकमा मिळाल्या, काही गेल्याच. त्यांनी माझ्याकडे काही मागितले नाही. मुलाला पुन्हा संगणकाला हात लावू द्यावा की नाही, एवढेच विचारायला ते आले होते. मी ‘जरूर द्या’ म्हणालो, पण त्या वेळी माझ्या शब्दाला वजन ते काय असणार?

त्या रात्री मी विचार केला तेव्हा ध्यानात आले की माझी युक्ती चुकीची नव्हतीच. चुकीचे होते ते माझे लिहिणे. ‘लंबकाचा आवर्तकाल २ आला’ असे एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत लिहिले तर मी लाल शाईने ‘२ काय?’ असे विचारतो आणि गुण कापतो. आणि मी स्वतः फळ्यावर ‘डिस्क क्रमांक १’ लिहून मोकळा झालो होतो. कुणाच्या यंत्रातली क्रमांक १? किती क्षमतेची? तिच्यावर आधी काय होते? पुस्तकातला इशाराही मी लिहिला नव्हता. फळ्यावर जागा नव्हती असे मी स्वतःला सांगत होतो. खरे कारण असे की जर-तर लावून सांगितलेल्या युक्तीला रंग चढत नाही. सांगणारा हुशार दिसावा लागतो!

तेव्हापासून मी वर्गात युक्ती सांगणे सोडले नाही, पण ती प्रयोगवहीच्या रीतीने लिहायला लावतो. यंत्र कोणते, प्रोसेसर कोणता, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, हे आधी. ते नसेल तर ती युक्ती म्हणजे एकक नसलेले मापन. मग केले काय, दिसले काय, आणि परत फिरायचे तर वाट कोणती. परतीची वाट नसेल तर तसे ठळक अक्षरांत लिहायचे. काय नष्ट होऊ शकते ते पहिल्याच ओळीत लिहायचे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याइतका धीर कुणाला नसतो, मला तर मुळीच नाही. ही युक्ती का चालते याविषयी अंदाज असेल तर तो ‘अंदाज’ म्हणूनच नोंदायचा. आणि दुसऱ्या कुणी दुसऱ्या यंत्रावर करून पाहिल्याशिवाय तिला युक्ती म्हणायचेच नाही. तोवर ते एक निरीक्षण.

काही गोष्टी मी फलकावर लावू देणार नाही. पैसे देऊन घ्यायची आज्ञावली फुकट चालवण्याच्या किल्ल्या ही युक्ती नव्हे, ती चोरी आहे. काही युक्त्या बेकायदा नसल्या तरी क्षुल्लक असतात. प्रॉक्समॉक्समध्ये प्रवेश केला की ‘तुमच्याकडे वर्गणी नाही’ अशी एक पाटी दिसते. ती पाटी काढून टाकण्यासाठी एका फाइलीत फेरफार करण्याची कृती मुलांना फार आवडते. परवान्यानुसार तशी मुभा आहे. पण एक टिचकी वाचवण्यापलीकडे तीतून काही शिकायला मिळत नाही, प्रणाली अद्ययावत केली की केलेले काम पुसले जाते, आणि ज्यांनी एवढे फुकट दिले त्यांची आठवणीची एक पाटी आपण सहन करू नये का? हे माझे वैयक्तिक मत झाले. नववीतल्या मुलांना ते पटत नाही, हेही मला माहीत आहे.

शिक्षक मंडळींना एक विनंती. मुलांना अडवण्याऐवजी जागा आखून द्या. शाळेचे एक जुने यंत्र असे असू द्या की ज्याच्यावर ना निकालपत्रके आहेत, ना फीचे हिशेब, आणि जे शाळेच्या जाळ्याला जोडलेले नाही. त्यावर काहीही करायला मुभा. घरी करणाऱ्या मुलाला आधी विचारा, ‘या संगणकावर घरातले आणखी कोण काम करते?’ हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला असता, तर फळ्यावरच्या त्याच तीन ओळींनी काही बिघडले नसते.

माझे स्नेही तो कागद घेऊन गावी परतले. पुढच्या आठवड्यात त्या मुलाने नवा कागद लिहिला तो फलकावर लागला. त्यात घरच्या संगणकाचा प्रोसेसर, व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, रॅम, सर्व होते, आणि शेवटी लिहिले होते: ‘माझ्या घरी चालले. शाळेच्या संगणकावर तीच ओळ दिली, पण आतले यंत्र सुरू झाले नाही. कारण सापडले नाही.’ चारच दिवसांत आठवीतल्या एका मुलीने त्याखाली पेन्सिलीने भर घातली. शाळेच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीखाली, कोपऱ्यात, एक हिरवे कासव दिसते. घरच्या संगणकावर दिसते का?

स्नेह्यांनी दूरध्वनी करून मला कासवाचा अर्थ विचारला. ते कासव दिसले की समजावे, विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर आधीच रंगमंचाचा ताबा घेऊन बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली, मंद गतीने काम करावे लागत आहे. विंडोजची स्मृती-संरक्षणाची एक सोय चालू असली तरी असे होते. ती बंद केली तर मुलाची ओळ बहुधा चालेल. पण तिच्यामुळे घातक आज्ञावल्यांपासून संरक्षण मिळते, आणि तो संगणक कार्यालयातल्या लिपिकांच्याही वापरात आहे. तेव्हा ती बंद करायची की कोपऱ्यातले जुने यंत्र झाडूनपुसून घ्यायचे, हे आता विज्ञान मंडळाच्या बैठकीत ठरणार आहे.